पुट्टी भरली तरी तडा परत येतो: जुन्या घराच्या नूतनीकरणानंतर काय, कोणत्या क्रमाने तपासायचं

जुनं घर नवं केलं. भिंत काढून हॉल मोठा झाला, टाइल्स बदलल्या, वर एक खोली चढवली. वर्षभरात एका जागी तडा दिसला. रंगाऱ्याने पुट्टी भरली, पुढच्या पावसाळ्यानंतर तो तिथेच परत उमटला. मग 'चांगल्या कंपनीचं' क्रॅक फिलर भरलं, तरीही तेच. नाशिकमध्ये ही तक्रार सिडकोतल्या वाढवलेल्या बैठ्या घरांत येते, इंदिरानगर-गंगापूर रोडच्या पंचवीस-तीस वर्षं जुन्या अपार्टमेंटमध्ये येते आणि पंचवटी-भद्रकालीच्या वाड्यांतही येते. तिन्हीकडे बांधकाम वेगळं, पण चूक एकच: तडा जिथे दिसतो तिथेच त्याचं कारण शोधलं जातं. कारण बहुतेक वेळा दुसरीकडे असतं. कुठेतरी वजन वाढलेलं असतं, कुठला तरी आधार गेलेला असतो, किंवा पाणी मुरत असतं.

आधी लक्षणं नीट बघा

तडा कसा आहे यावरून निम्मं निदान होतं.

- कॉलम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यावर सरळ उभी, केसासारखी रेघ. काँक्रीट आणि वीट वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन-प्रसरण पावतात, म्हणून ती पडते. दिसायला वाईट, पण धोका नाही.
- सर्वांत वरच्या मजल्यावर, छताच्या लगेच खाली भिंतीत आडवी रेघ. ही उन्हाची. दहा मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांनी तापला की साधारण ३ मिमी लांबतो. विटांची भिंत तेवढी लांबत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो आणि हिवाळ्यात पहाटे दहाच्या खाली जातो, त्यामुळे ही रेघ पुट्टीने कधीच बंद राहत नाही.
- खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरपा निघालेला किंवा विटांच्या थरांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेला तडा. पाया खचतोय किंवा वरचं वजन भलत्या जागी येतंय.
- जुनं घर आणि पुढे वाढवलेली खोली यांच्या सांध्यावर वरून खालपर्यंत तडा. दोन पाये वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या खोलीवर घातलेले असतात. नवा पाया पहिली दोन-तीन वर्षं बसत राहतो.
- छताच्या खालच्या बाजूला समांतर, ठरावीक अंतरावर रेघा, सोबत तांबूस डाग आणि फुगलेलं प्लास्टर. आतल्या सळया गंजल्या आहेत.
- बीममध्ये, कॉलमच्या जवळ, साधारण ४५ अंशांत तिरपा तडा.

शेवटचं लक्षण दिसलं तर खालच्या तपासण्या करत बसू नका. त्या बीमखाली वावर बंद करा आणि थेट स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. बीमच्या मधोमध खालून वर जाणारे बारीक उभे तडे बरेचदा मर्यादेतले असतात. टोकाजवळचा तिरपा तडा मात्र बीम कातरला जात असल्याची खूण असते, आणि असा बीम तुटायच्या आधी फारशी सूचना देत नाही.

तपासणी १: पेन्सिल, तारीख आणि काचेची पट्टी (खर्च जवळपास शून्य)

तडा 'जिवंत' आहे की 'मेलेला', हे पहिलं ठरवायचं. जिवंत तडा हलत असतो. त्यात काहीही भरलं तरी ते फाटणारच.

तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी खूण करून शेजारी तारीख लिहा. रुंदी मोजायला मेकॅनिकल पेन्सिलीची लीड वापरा. ०.५ ची लीड आत गेली तर तडा किमान अर्धा मिलिमीटर रुंद आहे. ०.३ ची लीडही मिळते आणि तीच जास्त कामाची, कारण साध्या कोरड्या जागी आरसीसीच्या (सळया घातलेल्या काँक्रीटच्या) तड्याला साधारण ०.३ मिमीपर्यंतच सूट धरतात. मोबाइलने फोटो काढताना शेजारी पट्टी धरा, नाहीतर पुढच्या महिन्याच्या फोटोशी तुलना करता येत नाही.

मग तड्यावर आडवी काच बसवा. काचवाल्याकडून बोटभर रुंद, टीचभर लांब, पातळ काचेच्या दोन-तीन पट्ट्या कापून घ्या. तड्याच्या दोन्ही बाजूंचं प्लास्टर तळहाताएवढं काढून विटेपर्यंत जा आणि काचेची फक्त टोकं एपॉक्सीने चिकटवा. प्लास्टरवर चिकटवली तर काच प्लास्टरची हालचाल सांगेल, भिंतीची नाही. काच तडकली की तडा जिवंत. तीन-चार आठवड्यांत काही झालं नाही म्हणून लगेच खूश होऊ नका. काळ्या मातीवरचं घर असेल तर मेअखेरीचं आणि सप्टेंबरमधलं माप ताडून पाहावं लागतं. उन्हाळ्यात माती आक्रसते आणि तडा उघडतो, पावसाळ्यात ती फुगते आणि तडा मिटतो. पावसाळ्यात बुजवलेला तडा मेमध्ये परत दिसतो तो यामुळेच.

तपासणी २: प्लास्टर की भिंत? (गवंड्याचा अर्धा तास)

तड्याच्या आजूबाजूला हातोडीच्या दांड्याने टकटक करा. 'बद' असा पोकळ आवाज आला तर प्लास्टर सुटलंय. अर्धा फूट बाय अर्धा फूट प्लास्टर काढून आत बघा. वीट आणि सांधा साबूत असेल तर तडा फक्त प्लास्टरचा. जास्त सिमेंटचा माल, कमी पाणी मारणं आणि घाई ही त्याची नेहमीची कारणं. विटाच चिरलेल्या असतील तर पुढे जा.

काँक्रीट-विटेच्या सांध्यावरची रेघ असेल तर इथेच काम संपतं. सांध्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच प्लास्टर काढा, कोंबडी जाळी किंवा फायबर मेश खिळ्यांनी ताणून बसवा, पुन्हा प्लास्टर करा आणि सात दिवस पाणी मारा. जाळी सैल राहिली तर सगळं वाया. ती प्लास्टरच्या थरात मध्यभागी यायला हवी, भिंतीला चिकटून नाही.

छताखालची आडवी उन्हाची रेघ कडक मालाने बुजवूच नका. तिथे १० मिमी रुंद खोबणी करून लवचीक सीलंट भरा आणि गच्चीवर पांढरा परावर्तक थर किंवा चायना मोझॅक (पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर) करा. स्लॅब कमी तापला की रेघ कमी हलते.

तपासणी ३: पाणी कुठे जातंय

हे तपासायला पैसे लागत नाहीत, फक्त पावसात बाहेर उभं राहायची तयारी लागते. गच्चीचा पाइप जोत्याशी येऊन मोकळा सुटलाय का? तिथली माती दर पावसात भिजते आणि पाया एकाच कोपऱ्यात खचतो. पाइप किमान सहा-आठ फूट लांब नेऊन गटारात सोडा. घरातले सगळे नळ बंद करून मीटर बघा. काटा फिरत असेल तर जमिनीखाली पाइप गळतोय किंवा टाकीच्या बॉलकॉकमधून पाणी जातंय. जमिनीखालच्या टाकीत रात्री पातळीची खूण करा आणि सकाळी बघा.

गच्चीवर २५ ते ४० मिमी पाणी चोवीस तास साठवून गळती बघता येते, पण छताखाली सळया उघड्या दिसत असतील तर ही चाचणी करू नका. ४० मिमी पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ४० किलो वजन.

भिंतीतून उगवलेला पिंपळ किंवा उंबर वरून छाटून भागत नाही. मूळ तसंच राहिलं तर तडा तेच रुंदावत नेतं.

तपासणी ४: वजनाचा हिशोब

जुन्या घराचं नूतनीकरण फसतं ते सर्वांत जास्त इथे. वही घ्या आणि घर बांधल्यापासून काय-काय चढवलं ते लिहा.

गच्चीपासून सुरू करा. गळती थांबवायला जुना कोबा (विटांचे तुकडे मालात बसवून केलेला गळतीरोधक थर) न काढता त्यावर नवा कोबा घालायची आपल्याकडे सवय आहे. चार इंची विटांच्या कोब्याचं वजन दर चौरस मीटरला साधारण २०० किलो असतं. ज्या गच्चीवर माणसं जातात तिच्यासाठी डिझाइनमध्ये माणसं आणि सामान धरून फक्त १५० किलो धरतात. म्हणजे दुसरा कोबा घातला की गच्चीवर कुणी पाय ठेवायच्या आधीच ती जागा भरली. कोबे किती आहेत हे न फोडता ओळखायचं असेल तर कठड्याची उंची मोजा. मुळात कंबरेच्या वर येणारा कठडा आता मांडीशी आला असेल, किंवा गच्चीच्या दाराचा उंबरा फरशीत बुडाला असेल, तर थर चढले आहेत. पाण्याच्या निचऱ्याच्या तोंडाशी हात घालून बघितलं तर कधी-कधी थर सरळ मोजताच येतात.

मग टाक्या. हजार लिटरची टाकी म्हणजे भरल्यावर एक टन. ती बीमवर किंवा कॉलमवर असेल तर ठीक. स्लॅबच्या मधोमध चार विटांवर असेल तर खालच्या खोलीच्या छताचा तडा तिथूनच आलेला असू शकतो. टाकी हलवणं हा या यादीतला सर्वांत स्वस्त उपाय आहे, तरी तो लोक शेवटी करतात.

टाइल्सवर टाइल्स. अॅडहेसिव्हने लावल्या तर वजन फार नाही, दर चौरस मीटरला ३० किलोच्या आसपास. दोन इंची मालावर बसवल्या तर तेच १२० किलो होतं. घरातल्या राहत्या खोलीचं डिझाइनचं चल वजन (माणसं, सामान) दर चौरस मीटरला २०० किलो धरलेलं असतं. त्यातलं निम्म्याहून जास्त फरशीनेच खाल्लं.

आणि नव्या भिंती. दहा फूट लांब, दहा फूट उंच नऊ इंची विटांची भिंत प्लास्टरसकट साडेचार टनांच्या घरात जाते. साडेचार इंची भिंत अडीच टन. तीच चार इंची एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) केली तर एक टनाच्या आसपास बसते. खाली बीम नसलेल्या जागी स्लॅबवर विटांची भिंत उभी केली असेल आणि खालच्या खोलीच्या छताला त्याच रेषेत तडा असेल, तर आणखी काही शोधायची गरज नाही.

तपासणी ५: काय काढलं गेलं

भिंत भार घेणारी आहे का, हे ओळखायला पुढच्या गोष्टी एकत्र बघाव्या लागतात. एकीवरून ठरवू नका.

नऊ इंच किंवा त्याहून जाड आहे का. वरच्या मजल्यावर त्याच रेषेत भिंत आहे का. घरात कॉलम दिसतात का, की भिंतींवरच स्लॅब टेकलाय. भिंत आणि स्लॅबच्या सांध्याशी थोडं प्लास्टर काढून बघा, वर बीम आहे की स्लॅब थेट विटेवर बसलाय. सिडकोतल्या मूळ बैठ्या घरांत कॉलम शोधू नका. भिंतच कॉलम आहे असं धरून चला.

'साडेचार इंची आहे, पार्टिशन आहे, काढा' हे मिस्त्रीचं वाक्य ऐकून ब्रेकर लावू नका. जुन्या स्लॅबला काळाच्या ओघात बाक येतो आणि तो खालच्या पातळ भिंतीवर टेकतो. मूळ नकाशात ती पार्टिशन असते, प्रत्यक्षात तिने वजन घ्यायला सुरुवात केलेली असते. ती काढली की स्लॅब आणखी वाकतो, वरच्या मजल्याच्या फरशा उचलल्या जातात आणि दारं अडकायला लागतात. उलट, आरसीसी फ्रेममधली नऊ इंची भिंत कधी-कधी निव्वळ भरावाची असते. नुसती जाडी बघून दोन्हीकडे फसायला होतं.

अपार्टमेंटमध्ये तडा तुमच्या घरात आणि कारण खालच्या फ्लॅटमध्ये, असं हमखास होतं. खालच्याने भिंत काढली की वरच्याची भिंत आधाराविना राहते. म्हणून एक मजला वर आणि एक मजला खाली जाऊन बघा. शेजारी दार उघडत नसेल तर सोसायटीच्या सेक्रेटरीला बरोबर घ्या. सोसायटीकडे नूतनीकरणाचे अर्ज असायला हवेत. नसतील तर तोही एक प्रश्नच.

भिंत पूर्ण काढलेली नसते, पण कमजोर केलेली असते, हेही बघा. वायरिंग-प्लंबिंगच्या झिऱ्या (भिंतीत खोदलेल्या खाचा) उभ्या असतील तर भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत चालतात, आडव्या एक षष्ठांशापर्यंत. नऊ इंची भिंतीत आडवी झिरी म्हणजे जेमतेम दीड इंच. साडेचार इंची भिंतीत तर पाऊण इंचाच्या पुढे जाताच येत नाही, आणि एक इंची पाइप त्यात कसा बसणार? तो उभा न्या किंवा वरून बॉक्सिंग करा. एसीचा पाइप किंवा चिमणी नेण्यासाठी बीममधून कोअर कटिंग (यंत्राने आरपार गोल भोक) केलं असेल आणि सळई कापली गेली असेल तर हे काम तुमच्या हातातलं राहिलं नाही.

वाड्यांसाठी वेगळं

वाड्यात स्लॅब नसतो. खांब, तुळया आणि कडीपाट (लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेलं छत) वजन घेतात, मातीच्या सांध्याच्या भिंती त्याला साथ देतात. इथे तडा दिसला की आधी लाकूड तपासा. तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक आणि खांबाचं तळखड्यावरचं (खालच्या दगडावरचं) बूड, या दोन जागी स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर लाकूड कुजलंय किंवा वाळवी लागलीय, वरून कितीही पॉलिश दिसो. गोदाकाठचे आणि सराफ बाजाराच्या बाजूचे वाडे २०१६ आणि २०१९ च्या पुरात भिजले आहेत. तिथे जोत्यापासून हात पोचेल तिथपर्यंत सगळं लाकूड टोचून बघावं.

माती-चुन्याच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर केलं असेल तर ओल आत कोंडते, प्लास्टर पोपडे होऊन सुटतं आणि आतलं लाकूड कुजतं. चुन्याचंच प्लास्टर परत करा. अशा भिंतीवर आरसीसी स्लॅब टाकायचा विचार तर मनातूनही काढून टाका. शेजारचा वाडा पाडला जात असेल तर सामाईक भिंतीला आधी तिरके टेकू द्यायला लावा. पाडकाम झाल्यावर भिंत ओळंब्यातून (सरळ उभ्या रेषेतून) ढळली तर ती टेकूंनी परत सरळ होत नाही.

तपासणी ६: गंज

छताला समांतर रेघा असतील तर एका जागी सुटलेलं काँक्रीट हाताने काढून सळई बघा. नुसता लाल रंग चढलाय की पापुद्रे निघतायत? गंजलेलं लोखंड मूळच्या कित्येक पट जागा घेतं आणि तेच काँक्रीट फोडून बाहेर येतं. म्हणून वरून प्लास्टर करून हे थांबत नाही. फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर शिंपडलं की निरोगी भाग गुलाबी होतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने मेलेला भाग रंगहीन राहतो. रंगहीन थर सळईपर्यंत पोचला असेल तर तिचं संरक्षण संपलं.

बारीक जागा असेल तर काम असं: सैल काँक्रीट पूर्ण काढा, सळईच्या मागेही बोट जाईल एवढी जागा करा, वायर ब्रशने चकचकीत करा, गंजरोधक लावा, मग पॉलिमर मॉर्टर थराथराने भरा. मागची बाजू तशीच सोडली तर दोन वर्षांत तोच भाग परत पडतो. सळईच्या छेदाचं क्षेत्रफळ पाव भागाने कमी झालं असेल तर जोडसळई द्यावी लागते. ती किती लांब आणि कुठे, हे इंजिनिअरने सांगायचं.

तपासणी ७: पाया (इथून एकट्याने पुढे जायचं नाही)

पायऱ्यापायऱ्यांचा तडा, काच तडकतेय, पाण्याचं कारण मिटवूनही हालचाल सुरू आहे, तर पायाशी चाचणीचा खड्डा घ्यावा लागतो. एकाच ठिकाणी, साधारण तीन फूट बाय तीन फूट, कोरड्या दिवसांत, इंजिनिअर समोर असताना. नाशिकमध्ये एकाच प्लॉटवर अर्ध्या घराखाली मुरूम आणि अर्ध्याखाली काळी माती किंवा भराव, असं सापडतं, आणि तडा नेमका त्या सीमेवर असतो. भिंतीला लागून लांबच लांब चर खोदू नका. पायाला बाजूने धरून ठेवणारी मातीच निघून जाते आणि भिंत बाहेर कलते.

वाढवलेल्या खोलीच्या सांध्याचा तडा असेल तर सळया ठोकून नवं-जुनं बांधायचा मोह टाळा. २० ते २५ मिमीचा सांधा स्वच्छ करून त्यात फोम आणि लवचीक सीलंट भरा, वरून एका बाजूलाच स्क्रू केलेली पट्टी मारा. दोन्ही भाग आपापले बसू देत.

कधी थांबायचं

बीमच्या टोकाशी तिरपा तडा, कॉलममध्ये उभे तडे किंवा बाहेर फुगलेल्या सळया, महिन्याभरात वाढलेला तडा, भिंत ओळंब्यातून डोळ्यांना दिसेल इतकी ढळलेली, छताचा बाक वाढतोय, अचानक कुरकुर किंवा फुटल्याचा आवाज. यातलं काहीही एक दिसलं तर खोली रिकामी करा, वरचं पाणी आणि सामान उतरवा. टेकूही इंजिनिअर सांगेल तिथेच द्या. स्लॅबच्या मधे जोराने ठोकून बसवलेला टेकू स्लॅबला उलटा वाकवतो, आणि खालच्या मजल्यावर त्याच ओळीत टेकू नसेल तर सगळं वजन त्या मजल्यावर जातं.

भार घेणारी भिंत काढायचीच असेल किंवा काढून झाली असेल, तरी हेच. लोखंडी बीम 'मोठाच टाकू' एवढ्याने भागत नाही. बीम तुटत नाही, पण वाकतो, आणि वरच्या विटांना तेवढं वाकणं सोसत नाही. बीमची टोकं थेट विटेवर न ठेवता काँक्रीटच्या ठोकळ्यावर घ्यावी लागतात, वरची फट कोरड्या मालाने ठासून भरावी लागते, आणि टेकू एकदम न काढता टप्प्याटप्प्याने सैल करावे लागतात. असा बदल महापालिकेच्या परवानगीशिवाय करता येत नाही. इमारत ३० वर्षांची झाली असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट तसंही कायद्याने करावं लागतं. तेव्हा तड्याचं काम आणि ऑडिट एकाच भेटीत बसवलं तर फी वाचते.

इंजिनिअर यायच्या आधी मंजूर नकाशा, तारखांसह तड्याचे फोटो, वजनाची वही आणि काचेच्या पट्ट्यांची नोंद तयार ठेवा. रंगकाम मात्र करून ठेवू नका. ताज्या रंगाखालचा तडा त्यालाही दिसत नाही.